जवंजाळ सरांची खाडी

जवंजाळ सर मला पहिल्यांदा भेटले ते एसटीत, आणि तेव्हा त्यांच्या मांडीवर थर्माकोलचं खोकं होतं. मी चिखलीच्या महाविद्यालयात मराठीचा प्राध्यापक म्हणून रुजू व्हायला निघालो होतो. खोक्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेली होती, तरी त्यातून पाणी झिरपत होतं. त्या पाण्याचा वास असा होता की पुढच्या बाकावरची माणसं जालना येण्याआधीच उठून मागं जाऊन उभी राहिली होती. मी नवखा, म्हणून शेजारी बसून राहिलो. कंडक्टर आला, वाकून वास घेऊन म्हणाला, "काका, मासे हायेत काय? मासे चालत नाहीत गाडीत."

"मासे नाहीत, चिखल आहे," सर म्हणाले.

"चिखल?"

"हाव. समुद्राचा."

"कोठी घेऊन चालले?"

"चिखलीले."

कंडक्टरनं जरा विचार केला. "काऊन? चिखलीले चिखल कमी पडून राह्यला काय?"

"कमी नाही पडत. पण आपला चिखल नुसताच चिखल. याच्यात शिसं आहे, क्रोमियम आहे, कॅडमियम आहे. एवढा भारी माल आपल्याकडे कोठी भेटते?"

'भारी माल' एवढंच कंडक्टरच्या कानात शिरलं आणि त्यानं सामानाचं वेगळं तिकीट फाडलं. सरांनी ते मुकाट्यानं घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहा, देशात प्रदूषणाची दखल पहिल्यांदा एसटीनं घेतली."

मधुकर जवंजाळ हे अमडापूरचे. घरची शेती, घरात माळकरी वातावरण, आणि घराण्यात सातबारा सोडून दुसरं काही वाचायची प्रथा नव्हती. असा माणूस रसायनशास्त्राचा प्राध्यापक होऊन किनाऱ्यावरच्या गाळातल्या जड धातूंचा अभ्यास करायला लागला, याचं कारण ते मोठ्या नम्रतेनं सांगत. "आमच्या गाईडनं विषय वाटले. जवळच्या पोट्ट्याइले जवळचे विषय भेटले. मी अमडापूरचा, मले ओळखत कोण होतं? उरलेला समुद्र माह्या वाट्याले आला." पदवी मिळाल्यावर माणसं विषय सोडतात आणि नोकरी धरतात. सरांनी दोन्ही धरून ठेवलं. महाविद्यालयाच्या मते त्यांचा मुख्य दोष हाच होता.

दर मे महिन्यात ते कोकणातल्या एका खाडीवर जात. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून प्लास्टिकच्या चमच्यानं गाळ काढत. लोखंडाचा चमचा वापरायचा नाही, कारण मग धातू गाळाचा की चमच्याचा हे कळत नाही. तो गाळ बर्फात घालून चिखलीला आणत, प्रयोगशाळेतल्या भट्टीत वाळवत, चाळत, आम्लात विरघळवत आणि त्यातले धातू मोजायला विद्यापीठात नेत, कारण मोजायचं यंत्र तिथं होतं. यंत्राची तारीख मिळेपर्यंत सर इतके अर्ज करत की विद्यापीठातला कारकून त्यांना दिवाळीचा फराळ पाठवायला लागला होता. नलूवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेत शिक्षिका होत्या. त्या म्हणत, "लोकाइचे नवरे उन्हाळ्यात महाबळेश्वरले नेतात. आमचे एकटेच गटाराच्या तोंडाशी जाऊन बसतात."

गाळ भट्टीत असला की सगळ्या इमारतीत खाडीचा वास पसरे. एका आषाढी एकादशीला 'केमिस्ट्रीवाले सुकट भाजून राह्यले' अशी तक्रार थेट संस्थेच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष उपाशीपोटी तपासणीला आले. सरांनी भट्टीचं दार उघडून काळ्या चिखलाचे ट्रे दाखवले.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी नाकावर रुमाल धरून विचारलं.

"देशाची प्रगती, साहेब. वाळत घातली आहे."

"वाळली की आवरून ठेवा," अध्यक्ष म्हणाले आणि राजगिऱ्याचा लाडू खायला निघून गेले.

बढतीच्या मुलाखतीत समितीनं त्यांना विचारलं, "बुलडाणा जिल्ह्यात समुद्र नाही. मग आपल्या संशोधनाचा इथल्या समाजाला उपयोग काय?" दुसरा कोणी असता तर त्यानं राष्ट्र, मानवता वगैरे शब्द काढले असते. सर म्हणाले, "साहेब, बुलडाण्याच्या घाटावर पाऊस पडते. घाटाखाली गेलेलं पाणी पूर्णेतून तापीले अन् तिथून अरबी समुद्राले जाते. घाटावरचं पैनगंगेतून गोदावरीले अन् तिथून बंगालच्या उपसागराले. आपण मधात उभं राहून थुंकलो तरी दोन समुद्र खराब होतात. एवढी सोय मुंबईवाल्याइलेही नाही." समितीनं हे शांतपणे ऐकून घेतलं. त्या वर्षीची बढती ग्रंथालयातल्या खुर्च्यांच्या मांडणीवर प्रबंध लिहिणाऱ्या गृहस्थांना मिळाली. खुर्च्या जिल्ह्यात भरपूर होत्या.

एका पावसाळ्यात विद्यापीठातून आकडे आले आणि सर माझ्याकडे आले. आम्ही महाविद्यालयासमोरच्या टपरीवर बसलो. त्यांनी चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने होते. त्यांचं पाणी नाल्यातून खाडीत यायचं. "पाणी वाहून जाते, धातू जात नाही," सर म्हणाले. "तो गाळाले चिकटते अन् खाली बसते. माणूस सडते, कागद सडते, सरकारी अहवाल तर छापायच्या आधीच सडते. शिसं सडत नाही. तिथंच बसून राहते. त्या गाळात तिसऱ्या होतात, म्हणजे खायच्या शिंपल्या. बायका तिसऱ्या काढतात, बाजारात विकतात, उरलेल्या घरी रांधतात."

"धोका मोठा आहे?" मी विचारलं.

"पाहुण्याले नाही. रोज खाणाऱ्याले आहे. अन् लेकराले सगळ्यात जास्त. त्याचं वजन कमी, ताट मात्र आपल्याएवढं. शिसं डोक्यात जाते, कॅडमियम किडनीत. दिसत काहीच नाही. मास्तर म्हणते, पोट्टं ढ आहे."

त्यांना खाडीकाठच्या गावातल्या बायकांना द्यायला मराठीत एक पत्रक हवं होतं. मराठीचा प्राध्यापक हाताशी असल्यावर काळजी कशाला? मी दोन दिवस खपून 'जड धातूंच्या जैवसंचयनामुळे उद्भवणाऱ्या आरोग्यविषयक जोखमीचे मूल्यमापन' या शीर्षकाचा मजकूर तयार केला. सरांनी तो उभ्यानं वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "कविराज, हे वाचून माणूस शिशानं नाही, मराठीनं मरन." मग त्यांनी स्वतःच लिहिलं: नाल्याच्या तोंडाजवळच्या तिसऱ्या खाऊ नका. पोरांना तर देऊच नका. माझा मजकूर त्यांनी मला परत दिला, आणि तो मी पुढे एका चर्चासत्रात वाचला. टाळ्या पडल्या.

त्या वर्षी मे महिन्यापर्यंत थांबायला सर तयार नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत निघाले आणि पत्रकं उचलायला म्हणून मला सोबत घेतलं. गावात ते वर्षानुवर्षं हिराबाईंच्या पडवीत मुक्काम करायचे. हिराबाई तिसऱ्या काढायच्या, डोक्यावर टोपली घेऊन बाजारात बसायच्या. घरात मुलगा, सून आणि दोन नातवंडं. माळकऱ्याच्या घरातला हा माणूस पहिल्याच वर्षी त्यांच्या हातच्या तिसऱ्यांच्या कालवणाला बळी पडला होता. "इथं यायचं शास्त्रीय कारण गाळ," त्यांनी वाटेत मला विश्वासात घेऊन सांगितलं, "अन् खरं कारण हिराबाईचा रस्सा."

संध्याकाळी पडवीत शेजारपाजारच्या बायका जमल्या. सरांनी पत्रकं वाटली नाहीत. तोंडीच सांगितलं, जसं मला टपरीवर सांगितलं होतं तसंच, फक्त थट्टा काढून टाकून. बायकांनी ऐकलं. मग हिराबाई उठल्या, आत गेल्या आणि तांदळाची भाकरी आणि तिसऱ्यांनी भरलेलं ताट आणून त्यांनी सरांपुढे ठेवलं.

"झाला ना सांगून? आता जेवून घ्या, मास्तर."

सगळ्या बायका ताटाकडे बघत होत्या. सरही बघत होते. मी कोटीची वाट पाहिली, कारण अशा जागी कोटी न करता सर सुटले आहेत असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ताट दोन्ही हातांनी हळूच पुढे सरकवलं.

"नाही खात मी, हिराबाई."

"एका ताटानं मानूस मरतो का?"

"नाही मरत. मी तर अजिबात मरत नाही. पण मी खाल्लं की तुम्ही उद्या लेकराइले वाढाल. म्हणाल, मास्तरनं खाल्लं."

"मंग आमी काय खावाचा?" हिराबाईंनी विचारलं. "अन् बाजारात काय विकावाचा?"

"ते मले माहीत नाही," सर म्हणाले.

हिराबाई तिथंच खाली बसल्या, ते ताट ओढलं आणि आमच्यासमोर सगळं खाल्लं. घाईनं नाही, रागानंही नाही. एक एक शिंपला उघडून. मग हात धुऊन त्या म्हणाल्या, "तुमची वळकटी उचला, मास्तर. शाळेच्या व्हरांड्यात जागा हाय."

त्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात आम्ही वहिनींनी दिलेल्या दशम्या आणि ठेचा खाल्ला. परतीच्या गाडीत सर खिडकीबाहेर पाहत होते. जालना गेल्यावर एवढंच म्हणाले, "विज्ञानाचं बरं असते. धोका आहे म्हणून सांगितलं की काम संपलं. काय खावं ते दुसऱ्या खात्याकडे."

दुसरं खातं कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून पुढच्या मे महिन्यात ते स्वतःच गेले. आतापर्यंत ते नाल्याच्या आसपासचा गाळ काढायचे. आता त्यांनी दोन्ही काठ, वरपासून खाडीच्या मुखापर्यंत, पालथे घातले. मुखाच्या पलीकडे वाळूचा एक लांब पट्टा होता. धातू बारीक गाळाला चिकटतो, वाळूला फारसा नाही, आणि तिथला प्रवाहही जोराचा होता. तिथल्या वाळूतल्या तिसऱ्या त्यांनी बर्फात घालून आणल्या आणि तपासल्या. त्या वर्षी एसटीतल्या कंडक्टरचा संशय शंभर टक्के खरा होता. सरांनी आपण होऊन सामानाचं तिकीट मागून घेतलं.

आकडे हातात येताच सर त्या गावी गेले. मीही गेलो. हिराबाई दारात जाळं पसरत होत्या. सर अंगणाबाहेर उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "मुखाबाहेरच्या वाळूवरच्या चालतील. तपासल्या."

"लांब हाय ते," हिराबाई मान वर न करता म्हणाल्या.

"हाव. लांब आहे."

"भरतीच्या आत परत यावा लागतो."

"हाव."

त्यांनी जाळं पुरतं पसरलं. मग आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि सरांच्या हातात दिलं. जेवायला बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्या टोपली घेऊन वाळूच्या दिशेनं चालताना दिसल्या. मागोमाग आणखी चौघी-पाच जणी होत्या. बाकीच्या नेहमीच्या जागी उतरल्या. सर काठावर उभे राहून दोन्हीकडे बघत राहिले.

सरांनी निबंध छापला तेव्हा गावाचं नाव घातलं नाही. बायकांनीच तसं सांगितलं होतं. नाव फुटलं तर खाडीच्या कुठल्याच तिसऱ्यांना गिऱ्हाईक मिळणार नव्हतं, चांगल्यांनाही नाही. पुढे खाडीवरच्या एका कारखान्याच्या विस्तारासाठी जनसुनावणी झाली. मांडव, पंखे, पाण्याच्या बाटल्या, सगळं कारखान्याच्या खर्चानं. म्हणजे जनतेला ऐकायचं सोडून दुसरा काही त्रास नव्हता. कंपनीच्या तज्ज्ञानं सरांचाच निबंध हातात धरून सांगितलं की यात कुठल्याही ठिकाणाचं नाव नाही, त्यामुळे त्याचा या खाडीशी संबंध लावता येत नाही, आणि तसंही सगळं मर्यादेत आहे.

सर उठले. "कोणाच्या मर्यादेत? खाणाऱ्याच्या की सोडणाऱ्याच्या?"

व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांनी त्यांची भाषा ऐकली आणि विचारलं, "आपण स्थानिक आहात का?"

"नाही. मी बुलडाण्याचा."

मांडवात हशा पिकला. अधिकाऱ्यांनी सुनावणी फक्त स्थानिकांसाठी असल्याचं सौजन्यानं सांगितलं. सर बसायला लागले, तेवढ्यात मागून हिराबाई उठल्या. त्या तिथं आहेत हे आम्हाला ठाऊकही नव्हतं.

"तो आमचा मानूस हाय," त्या म्हणाल्या. "त्याला बोलू द्या. अन् मास्तर, गावाचा नाव सांगा. आमचीच खाडी हाय ती."

सरांनी नाव सांगितलं. मग नाल्यापासून मुखापर्यंत एकेका जागेचं नाव घेत, जसं आढळलं तसं सांगत गेले. त्या हंगामात खाडीच्या तिसऱ्या कोणी घेतल्या नाहीत, वाळूवरच्याही. बायकांनी तो हंगाम सुक्या मासळीवर आणि दुसऱ्यांच्या आमराईत मजुरी करून काढला. शासनानं मात्र अत्यंत गंभीर दखल घेतली आणि कारखान्याला आदेश दिला. कारखान्यानंही तत्परतेनं नाल्याच्या जागी पाइप टाकला आणि तो खाडीच्या मुखाबाहेर समुद्रात नेऊन सोडला. वर्तमानपत्रात फीत कापल्याचा फोटो आला. सरांनी तो स्टाफरूममध्ये आम्हाला दाखवला. "आपल्या गल्लीतही हेच चालते," ते म्हणाले. "आपल्या दारातलं झाडून शेजाऱ्याच्या दारात. फक्त आपण फीत कापत नाही." आणि पुढच्या मे महिन्यापासून ते होडी करून पाइपच्या तोंडाशी जायला लागले. पोहायला येत नव्हतं.

त्या मे महिन्यात हिराबाईंच्या पडवीत त्यांची वळकटी परत पसरली. जेवणाविषयी मी कधी विचारलं नाही. तो त्या दोघांमधला मामला होता.

निवृत्तीनंतरही ते जातच राहिले. गेल्या वर्षी मार्चमध्ये बुलडाण्याला दवाखान्यात जाताना रस्त्यातच त्यांचं हृदय थांबलं. महाविद्यालयानं शोकसभा घेतली. 'ज्ञानाचा सागर', 'सागराएवढं मन', 'सागराची खोली' असं इतकं बोललं गेलं की सभागृहात भरती आल्यासारखं वाटायला लागलं. खुर्च्यांवर प्रबंध लिहिलेले गृहस्थ आता प्राचार्य आहेत. त्यांनी प्रयोगशाळेला सरांचं नाव द्यायची घोषणा केली आणि त्यासाठी ती आधी स्वच्छ करून घेतली. कपाटातल्या वाळलेल्या गाळाच्या पिशव्या माळ्यानं गुलाबाच्या आळ्यांत ओतल्या. जड धातूंवर गुलाब कसे येतात, यावर जिल्ह्यात अजून कोणी संशोधन केलेलं नाही. स्थानिक विषय आहे, बढती मिळायला हरकत नाही.

मेमध्ये मला हिराबाईंचा फोन आला. सरांचा फोन लागत नव्हता म्हणून त्यांनी माझा नंबर शोधून काढला होता. त्यांना कळवायचं आम्हा कोणालाच सुचलं नव्हतं. मी सांगितलं.

"मास्तरांच्या बाईंना सांगा, मी येऊन जाईन," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मास्तरांना एक विचारायचा होता. वाळू सरकलीय. पट्टा पाइपाकडे गेलाय. आता तिथल्या काढू का नको?"

मी म्हणालो, विचारून सांगतो. सगळा आठवडा मी निरनिराळ्या कार्यालयांत फोन करत होतो. एका ठिकाणी माझं ऐकून घेणारा माणूस मिळाला. तो म्हणाला, "तिथं सगळं ठीक आहे, काळजी करू नका." खाडी कोणती, हे मी अजून सांगितलं नव्हतं.

मी हिराबाईंना फोन लावला. मागं माणसांचा गलका होता.

"कोनी काय सांगितला?" त्यांनी विचारलं.

"तपासणारं कोणी नाही, हिराबाई."

"मास्तर असते तर काय बोलले असते?"

मी मराठीचा माणूस. गाळातलं मला काही कळत नाही. पण हे मला ठाऊक होतं. "माहीत नाही तोवर खाऊ नका, म्हणाले असते."

"मंग नाय काढत," त्या म्हणाल्या, आणि मागं कोणाला तरी त्यांनी मांडलेल्या टोपल्या परत उचलायला सांगितलेलं मला ऐकू आलं. त्या दिवशी त्यांच्याकडे बाजाराचा वार होता.